केडगावच्या खिळे जुळवणाऱ्या

हिर्डोशीत माणसाची पारख भाताच्या आवणीत व्हायची. आमचं गाव हिरडस मावळातलं, वरंध घाटाच्या अलीकडचं, नीरेच्या वरच्या अंगाचं. उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस लागला की पेरायचं, आषाढात डोक्यावर इरलं घेऊन चिखलात वाकायचं. घरच्या माणसांनी ते उरकत नाही, म्हणून इर्जिक, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकमेकांचं काम उरकायचं. दुसऱ्याच्या खाचरातही जो आपल्या खाचरासारखंच रोप लावतो, तो कामाचा माणूस. खाचरं थोडी आणि तोंडं फार अशा घरांतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले. मी पुण्याला आलो आणि एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला शिकलो.

तिथले हेड कंपोझिटर ख्रिस्ती होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. फॉर्मा छापून झाला की खिळे धुऊन ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे, त्याला आम्ही टाईप सोडणं म्हणायचो. हे काम कुणीच तपासत नाही. एक वेलांटी चुकीच्या घरात पडली तर ती उद्या दुसऱ्याच कुणाच्या ओळीत उगवते, आणि बोलणी तो खातो. बाकीचे टाईप भराभर सोडून घरी पळायचे. मामा जुळवताना जेवढे सावकाश, तेवढेच सोडतानाही. विचारलं तर सांगायचे की पौलाने कलस्सैच्या मंडळीला लिहिलंय, धन्याची नजर आहे म्हणून राबू नका, प्रभूचं काम समजून मनापासून करा.

मला ते पटायचं आणि खटकायचंही. पौलाने हे लिहिलं ते दासांना उद्देशून. असला उपदेश कुठल्याही मालकाला आवडेलच. मजुरी न वाढवता काम चोख होतं. पण मामा पुढे हेही सांगायचे की उपदेश करणारा पौल स्वतः तंबू करणारा होता. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोच्या घरी राहून त्यांच्यासोबत तंबूच करायचा. ज्याला तो प्रभू म्हणायचा तो नासरेथचा सुतार. आणि त्यांच्या शास्त्राच्या पहिल्याच पानावर देव सहा दिवस काम करतो. ज्या धर्मात देवालाच काम आहे, त्यात हाताचं काम हलकं कसं म्हणायचं?

आमच्याकडे सावता माळ्याने मळ्यात आणि गोरा कुंभाराने चिखलात हाच देव पाहिला होता. तरी पोथीचा हात आणि मातीचा हात वेगळेच राहिले. छपाईच्या धंद्याने ही वाटणी थोडी हलवली, म्हणून या धंद्याचा मला अभिमान आहे. १८०५ साली बंगालात श्रीरामपूरला मराठी व्याकरण छापून निघालं. ते लिहिणारे विल्यम कॅरी इंग्लंडात चांभारकाम करत होते. मुंबईत अमेरिकन मिशनने छापखाना घातला. तो पाहून गणपत कृष्णाजींनी आपला छापखाना उभारला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक छापील कागदाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी त्याच मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले होते.

पण मामांच्या बोलण्यात मुंबई क्वचित यायची. त्यांची आजी दुष्काळातली पोर म्हणून केडगावला पंडिता रमाबाईंच्या संस्थेत आली आणि तिथे खिळे जुळवायला शिकली. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं रमाबाईंपाशी जायचं, आणि पुढे वाचता वाचता माझंही.

रमाबाईंच्या कामाचं मूळ त्यांच्या भुकेत आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत देशभर फिरायचे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि तिने मुलीला, ते त्या काळी मोठं धाडस होतं. पण पुराण सांगण्यापलीकडे पोट भरायची विद्या घरात कुणालाच नव्हती. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. दानदक्षिणेत होतं ते संपलं, भांडीकुंडी विकली गेली. भीक मागायला मान आड आली आणि हलकं समजलेलं काम कुळाने कधी शिकवलंच नव्हतं. तिरुपतीजवळच्या जंगलात पाला खाऊन त्यांनी दिवस काढले. थोड्याच काळात वडील, आई आणि बहीण गेली. भाऊ मोलमजुरीला तयार झाला, तोवर फार उशीर झाला होता. १९०७ सालच्या आपल्या साक्षीत, म्हणजे आत्मकथनात, रमाबाईंनी हे काहीही न लपवता लिहिलंय. विद्या होती, हात होते, आणि तरी माणसं उपाशी मेली, हे त्या कधी विसरल्या नाहीत असं मला वाटतं.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. तिथल्या मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप होऊन पुण्यात वादळ उठलं. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, इतक्या मुलींना शहरात ठेवू देईनात. केडगावला त्यांनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथली माणसं दोन हजारांच्या आसपास गेली.

दोन हजार पोटांना नुसती दया पुरत नाही. केडगावात शेती होती, गोठा होता, तेलाचा घाणा होता. माग होते, शिवण होतं, भांड्यांना कल्हई लावायचं कामही मुलीच करायच्या. रमाबाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकून आली आणि तिने आंधळ्या मुलींना वाचायला आणि विणकाम करायला शिकवलं. ब्राह्मण विधवा आणि दुष्काळातून उचललेली शेतकऱ्याची पोर एकाच आवारात राबत होत्या. हे पुण्यापासून रेल्वेने थोड्याच अंतरावर घडत होतं.

मी सगळ्यात जास्त रेंगाळतो ते छापखान्यापाशी. रमाबाईंनी शेवटची सुमारे १८ वर्षं एका कामाला दिली: अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत आणायचं, शेतावरच्या बाईला कळेल असं. भाषांतर त्यांचं, पण पुढचं सगळं केडगावच्या बायकांनी केलं. खिळे जुळवणं, प्रुफं काढणं, मशिनवर छापणं, पानं घडी करणं, बांधणी. बायबल म्हणजे ६६ पुस्तकं, ३१ हजारांवर वचनं. ज्याने हातात जुळवणीची स्टिक धरलेली नाही त्याला हा आकडा नुसता मोठा वाटेल. माझी बोटं तो वाचतानाच दुखतात. इंग्रजीच्या केसमध्ये घरं मोजकी. मराठीत जोडाक्षरं, काने, मात्रा, वर रफार, खाली उकार. डिग्री टाईपमध्ये तर मात्रेचा तुकडा वर वेगळा आणि उकाराचा खाली वेगळा बसवायचा. अक्षरं सगळी उलटी वाचायची. त्यात या मुलींना ग्रीक आणि हिब्रूचे खिळेही जुळवायला शिकवले होते. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते. काही वर्षांपूर्वी यातल्या कितीतरी जणींना आपलं नावही लिहिता येत नव्हतं.

पौलाच्या उपदेशावरून मला छळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. मन लावून काम करा असं सांगणं स्वस्त आहे. रमाबाईंनी ते सांगण्याआधी मुलीला पोटभर जेवू घातलं, वाचायला शिकवलं, आणि मग तिच्या हातात या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम दिलं. तिच्यावर भरवसा ठेवला की हिच्या हातून शास्त्राचं अक्षर चुकणार नाही. चांगला कामगार असा घडतो. धाकाने नजर खाली ठेवणारा आणि हिशेब न मागणारा माणूस तयार होतो, त्याला मी चांगला कामगार म्हणणार नाही. आणि मिशनांच्या सगळ्याच शाळांनी हा फरक पाळला असंही मी म्हणणार नाही. केडगावात शिस्त कडक होती, घंटेवर दिवस चालायचा. पण त्या घंटेने घडलेली बाई हातात धंदा घेऊन बाहेर पडू शकत होती. अनंतशास्त्र्यांच्या घरात नेमकं हेच नव्हतं.

२४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई गेल्या. संस्था जिच्या हाती द्यायची ती लेकच गेली. रमाबाईंना ऐकू येईनासं झालं होतं, प्रकृती ढासळली होती, तरी प्रुफं येत राहिली आणि त्या तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा तपासणीचं काम हातावेगळं झालेलं होतं. पुस्तक १९२४ साली बाहेर आलं. ख्रिस्ती देवळांतून त्याचा फारसा प्रसार झाला नाही, बायबल सोसायटीचंच भाषांतर चाललं. छपाई पाहणाऱ्याने मात्र ते एकदा हातात घ्यावं.

बायबलमधल्या कामाच्या या विचाराचा अर्धा भाग विश्रांतीचा आहे, तो बोलायचा राहून जातो. सहा दिवसांनंतर सातवा. त्या दिवशी धनी बसेल आणि गडी राबेल अशी सोय मोशेच्या आज्ञेत नाही. गडी, मोलकरीण, बैल, गाढव, वेशीच्या आतला परकासुद्धा, सगळ्यांना सुटी. ख्रिस्ती सरकारच्या राज्यात मुंबईच्या गिरण्यांत मात्र आमच्या मावळातल्या माणसांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातल्या माणसाने. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, हे त्यांनी मांडलं. रमाबाईंनी धर्म बदलला तेव्हा त्यांची बाजू घेऊन ‘सत्सार’ छापणारे जोतीरावच होते, १८८५ साली. मामा दर रविवारी देवळात जायचे, आणि ही सुटी आपल्याला खंडोबामुळे मिळाली असं नव्या पोरांना आवर्जून सांगायचे.