जवसाच्या विजारीची गोष्ट

बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी विज्ञानाचे ॲनिमेशनपट कसकसे होत गेले, याचा शोध घेताना मी एका प्रश्नापाशी पुन्हा पुन्हा अडतो. चार वर्षांच्या मुलाला निसर्ग सांगताना खोटे किती चालवून घ्यावे? मुंगीने कापड विणले तर ते विज्ञान राहते का?

मला पटलेले उत्तर १९५७ साली प्रागमध्ये तयार झाले. तिथल्या ‘ब्रात्री व त्रिकू’ या स्टुडिओतील चित्रकार झ्देनेक मिलर यांच्याकडे एक रूक्ष काम आले होते : जवसापासून कापड कसे होते ते लहान मुलांना समजावून द्यायचे. जवस म्हटले की आपल्याला चटणी आठवते. विदर्भातला शेतकरी जवस पेरतो तो बियांसाठी, तेलासाठी. युरोपात मात्र याच निळ्या फुलांच्या झाडाच्या खोडातून वाख काढून लिनन विणतात.

मिलर यांना गोष्टीसाठी नायक सापडत नव्हता. फिरायला गेले असता मोलने उकरलेल्या मातीच्या ढिगाला अडखळले आणि नायक मिळाला, असे ते सांगत. मोल म्हणजे बिळात राहणारा, मखमली अंगाचा प्राणी. आपली चिचुंद्री वेगळी. मोल महाराष्ट्रात आढळत नाही, म्हणून मराठीत त्याला रुळलेले नावही नाही. चेक भाषेत तो ‘क्रतेक’.

क्रतेकला खिसे असलेली विजार हवी असते. ती कशी मिळवायची, हे खुद्द जवसाचे झाडच त्याला सांगते. तो तण काढतो, पाणी घालतो, पीक तयार झाल्यावर उपटतो. मग बेडूक ते पाण्यात भिजवतो, करकोचा चोचीने काड्या मोडतो, साळिंदरासारखा काटेरी हेजहॉग पाठीवरच्या काट्यांनी वाख विंचरतो. कोळी सूत काततात, रानबोरांसारखी निळी फळे रंग देतात, मुंग्या विणतात, खेकड्याचा भाऊबंद क्रेफिश नांग्यांनी कापड बेततो आणि एक पक्षी शिवतो.

हा क्रम मी लिननच्या जुन्या घरगुती रीतीशी ताडून पाहिला. भिजवणे, मोडणे, विंचरणे, कातणे, विणणे : एकही पायरी पुढेमागे झालेली नाही. भिजवणे म्हणजे खरे तर कुजवणेच. अंबाडीचे सोट डबक्यात घालून वाख काढणाऱ्यांना ते सांगायला नको. शिवाय प्राणी निवडले आहेत ते त्यांच्या अवजारासाठी. वाख विंचरायची फणी म्हणजे फळीवर उभे ठोकलेले खिळे. हेजहॉगची पाठ तशीच दिसते. काड्या मोडायचे लाकडी यंत्र चोचीसारखे उघडते-मिटते. खटकतो तो कोळी. तो धागा काढतो स्वतःच्या पोटातून, दुसऱ्याचा वाख कातत नाही. तेवढे एक मुलाच्या डोक्यात चुकीचे बसू शकते.

म्हणजे काम कोण करतो याबाबत मिलर बेधडक खोटे बोलतात, पण कशानंतर काय, यात तडजोड करत नाहीत. इथे मला दादासाहेब फाळके आठवतात. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा लहानसा चित्रपट केला. तो होता भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी, मुलांसाठी नव्हे. पण एकेक चौकट जोडून झाड वाढवायची युक्ती ॲनिमेशनचीच. फाळक्यांचे प्रत्येक चित्र खरे होते, फक्त वेळ आखडलेला होता. मिलर यांचे एकही चित्र खरे नाही. दोघांनी शाबूत ठेवला तो क्रम. आजच्या पुष्कळ शिशु-व्हिडिओंत नेमका तोच गहाळ असतो. तिथे फळांची नावे असतात, रंग असतात, टाळ्या असतात. बी आणि फळ यांच्यामधले काही नसते.

व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला पुरस्कार मिळाला. १९६३ साली क्रतेक मोटार घेऊन परतला आणि मग मालिकाच सुरू झाली. आता तो बोलत नव्हता. मिलर यांनी आपल्या छोट्या मुलींचे हसणे-हुंकारणे त्याला दिले, त्यामुळे कुठल्याही देशात तो भाषांतराशिवाय पोचला. त्याचे लाडकेपण वाढले खरे, पण ‘आता मला पाण्यात भिजव’ असे सांगणारे जवसाचे झाड पुढच्या चित्रपटांत उरले नाही, याची मला चुटपुट वाटते.