पाटीवरची पेन्सिल आणि फुप्फुसातील धूळ

मराठी शाळेत शिकलेल्या कित्येक पिढ्यांच्या हाती पहिली लेखणी आली ती पाटीवरच्या पेन्सिलीची. ही पेन्सिल दगडाची असते, एवढे सर्वांना ठाऊक असते. तो दगड कोठून येतो आणि त्याची कांडी कशी तयार होते, हा प्रश्न मात्र सहसा पडत नाही. मध्य प्रदेशातील मंदसौर हे या उद्योगाचे जुने केंद्र. खाणीतून काढलेला पाटीचा दगड विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीखाली धरायचा आणि त्याच्या बारीक कांड्या पाडायच्या, असे हे काम. करवत दगडाला भिडली की धुळीचा लोट उठे आणि दगड धरणारा कामगार त्या लोटातच श्वास घेई.

अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी या कामगारांची पाहणी केली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ५९३ कामगारांपैकी ५४.६ टक्के जणांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रात ‘सिलिकोसिस’ या रोगाच्या खुणा आढळल्या. १७.७ टक्के कामगारांच्या फुप्फुसांत बारीक गाठी एकमेकींत मिसळून त्यांचे मोठे, कठीण पुंजके झाले होते. त्याआधी, १९८२ मध्ये, मध्य प्रदेश शासनाने स्लेट पेन्सिल कामगारांसाठी कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा केला होता. एका किरकोळ वाटणाऱ्या वस्तूच्या कामगारांसाठी राज्याला कायदा करावा लागावा, यावरून प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते.

सिलिकोसिस हा व्यवसायजन्य रोगांपैकी सर्वांत जुना आणि सर्वाधिक अभ्यासला गेलेला रोग आहे. त्याचे कारण ज्ञात आहे, तो टाळण्याचे उपायही ज्ञात आहेत. तरीही तो टिकून आहे, याचे एक मोठे कारण वैद्यकशास्त्राबाहेरचे आहे. हा रोग कागदावर येत नाही. आला तरी बहुधा दुसऱ्याच नावाने येतो.

धूळ काय करते?

सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. वाळू, वालुकाश्म, ग्रॅनाइट आणि गारगोटी या सर्वांत ते असते. स्फटिकरूपातील सिलिकेला क्वार्ट्झ म्हणतात. वाळूचा कण डोळ्यांत जाईल, दाताखाली येईल, पण तो फुप्फुसात खोलवर पोहोचत नाही. धोका असतो तो दगड फोडताना, कापताना, भरडताना किंवा घासताना सुटणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा. दहा मायक्रॉनपेक्षा लहान, आणि विशेषतः चार-पाच मायक्रॉनच्या आतील कण श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत जातात. माणसाच्या केसाची जाडी साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हे कण डोळ्यांना का दिसत नाहीत ते कळते. कामाच्या जागी दिसणारी धूळ खाली बसल्यावर हवा स्वच्छ झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात घातक कण त्यानंतरही बराच वेळ तरंगत असतात.

वायुकोशात शिरलेला कण तेथील भक्षक पेशी गिळते. जंतू असता तर तो तिच्या पोटात नष्ट झाला असता. सिलिकेचा कण विरघळत नाही. उलट ती पेशीच मरते, तिच्यातील दाहकारक द्रव्ये बाहेर पडतात, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. या न संपणाऱ्या चक्रातून फुप्फुसाच्या मऊ ऊतींच्या जागी व्रणासारखे कठीण तंतू तयार होतात. सुरुवातीला बारीक गाठी, नंतर त्यांचे पुंजके. फुप्फुसाची लवचिकता जाते आणि आधी चढावर, मग सपाटीवर, शेवटी बसल्या जागी धाप लागू लागते.

धूळ मध्यम प्रमाणात असेल तर रोग प्रकट होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. हा त्याचा जुनाट प्रकार. प्रमाण अधिक असेल तर पाच ते दहा वर्षे पुरतात. कोंदट जागेत धुळीचा मारा प्रचंड असेल तर काही महिन्यांत किंवा दोन-चार वर्षांत तीव्र स्वरूपाचा रोग होऊन रुग्ण दगावतो. तिन्ही प्रकारांवर रोग बरा करणारे औषध नाही. काम सोडल्यानंतरही रोग वाढत राहू शकतो, कारण कण आत राहिलेले असतात. परिणामी पंचविशीत खाण किंवा कारखाना सोडून गावी परतलेल्या माणसाला दम लागतो तो पस्तिशीत. तोवर मालक बदललेला, मुकादम हरवलेला आणि हजेरीपत्रक, मुळात असलेच तर, नष्ट झालेले असते.

सात नवऱ्यांची गोष्ट

खाणीच्या धुळीने माणसे मरतात, हे ज्ञान नवे नाही. जर्मन पंडित जॉर्ज अ‍ॅग्रिकोला याच्या १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरील ग्रंथात कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या परिसरात एकेका स्त्रीने सात-सात वेळा विवाह केल्याचा उल्लेख आहे. तिचे नवरे एकामागून एक फुप्फुसाच्या व्याधीने गेले होते. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवरील ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नांत ‘तू काय काम करतोस?’ या प्रश्नाची भर घातली. व्यवसायजन्य वैद्यकाची सुरुवात या साध्या प्रश्नापासून मानली जाते. ‘सिलिकोसिस’ हे नाव १८७० मध्ये इटालियन वैद्य व्हिस्कोंती याने दिले.

विसाव्या शतकातील संशोधनाचा केंद्रबिंदू दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणी होत्या. तेथे १९११-१२ मध्येच खाणकामगारांच्या भरपाईचा कायदा झाला. त्या कायद्याच्या नावात मात्र ‘खाणकामगारांचा क्षय’ असेच शब्द होते. १९३० मध्ये जोहान्सबर्ग येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सिलिकोसिसवर परिषद भरवली आणि तो स्वतंत्र रोग असल्यावर शिक्कामोर्तब झाले. तरीही दुर्गम खेड्यांतून आलेले कृष्णवर्णीय कामगार आजारी पडले की गावी परतत आणि नोंदीबाहेर मरत. त्यांच्या सामूहिक दाव्यातील तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली ती २०१९ मध्ये.

जोहान्सबर्गला परिषद भरली त्याच वर्षी अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात गॉली ब्रिज या गावाजवळ हॉक्स नेस्ट बोगद्याचे काम सुरू झाले. डोंगरातील वालुकाश्मात सिलिकेचे प्रमाण फार मोठे होते आणि खोदकाम पाण्याविना, कोरडे चालले होते. कामगार बहुसंख्येने कृष्णवर्णीय व स्थलांतरित. काही महिन्यांतच माणसे मरू लागली. कंपनीच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया, क्षय अशी कारणे दिली. ‘बोगद्याचा आजार’ अशा अर्थाचा एक नवाच शब्दही त्यांनी काढला. १९३६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे ४७६ मृत्यूंचा आकडा आला. अर्धशतकानंतर डॉ. मार्टिन चेर्नियाक यांनी जुन्या नोंदींच्या अभ्यासातून मृतांची संख्या ७६४ असावी, असा अंदाज मांडला.

क्षयाच्या नावाखाली

सिलिकोसिसच्या गाठी प्रामुख्याने फुप्फुसाच्या वरच्या भागात होतात. क्षयाच्या खुणाही बहुधा तेथेच दिसतात. खोकला, वजन घटणे, धाप ही लक्षणेही समान. ज्या देशात क्षय घरोघरी माहीत आहे, तेथे असे चित्र पाहणारा डॉक्टर क्षयाचे औषध सुरू करतो, यात नवल नाही. बेडक्यात जंतू सापडत नाहीत, औषधाचा कोर्स पूर्ण होतो, गुण येत नाही, पुन्हा कोर्स सुरू होतो. रुग्णाच्या घरी औषधांच्या रिकाम्या पाकिटांची थप्पी लागते.

गुंतागुंत अशी की, हे निदान नेहमीच चुकीचे नसते. सिलिकेने दुबळ्या झालेल्या भक्षक पेशी क्षयाच्या जंतूंना रोखू शकत नाहीत. त्यामुळे सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. दोन्ही रोग एकत्र असलेले रुग्ण खाणपट्ट्यांत सर्रास आढळतात. अशा वेळी ‘क्षय’ हे निदान बरोबर असते, पण अपुरे असते. या अपुरेपणाची किंमत रुग्ण मोजतो. क्षय हे जंतूंचे, गरिबीचे, नशिबाचे काम ठरते. सिलिकोसिस ही कामाच्या जागेची, म्हणजेच मालकाची जबाबदारी ठरते. मृत्यूच्या दाखल्यावर कोणता शब्द लिहिला जातो, यावर विधवेला भरपाई मिळणार की नाही, हे अवलंबून असते.

भारतात कायद्याची उणीव होती, असे म्हणता येणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरवला. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या अनुसूचीतही त्याचा समावेश झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही कळवावयाच्या रोगांच्या यादीत तो आहे. मात्र हे कायदे गृहीत धरतात तो कामगार नोंदणीकृत कारखान्यातला, ओळखपत्र असलेला. दगडाची धूळ खाणारा कामगार बहुधा तसा नसतो. गुजरातमधील खंभात येथे अकीक घासण्याचे काम घराच्या पडवीत चालत आले आहे. तेथे धूळ कारागिराइतकीच त्याच्या बायकामुलांच्या आणि शेजाऱ्यांच्याही श्वासात जाते. कारखानाच नाही, तर निरीक्षक जाणार कोठे?

गुजरातमध्येच गोध्रा परिसरात क्वार्ट्झ भरडून त्याची भुकटी करणारे कारखाने होते. तेथे मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतील आदिवासी मजूर हंगामी कामाला जात. काम काही महिन्यांचे असे, पण भरडलेली गारगोटी म्हणजे जवळपास शुद्ध सिलिका. तरुण माणसे परत आली ती धापा टाकीत. मजूर एका राज्याचे, कारखाने दुसऱ्या राज्यातले, आणि नोकरीचा पुरावा कोणाकडेच नाही, असा हा पेच होता. स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन याद्या केल्या. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे आणि सर्वोच्च न्यायालयाकडे गेले. आयोगाने २०१० मध्ये भरपाईची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. या प्रकरणी संशोधनाचे खरे साधन ठरली ती गावागावांत केलेली यादी. क्ष-किरण यंत्राचा क्रमांक त्यानंतरचा.

राजस्थानने २०१९ मध्ये धोरण आखून वेगळा मार्ग धरला. जोधपूर, करौली, धौलपूर येथील वालुकाश्माच्या खाणींतील कामगारांना मालकाचे नाव सिद्ध करण्याची अट न घालता, वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रावर शासकीय मदत देण्याची व्यवस्था त्यात आहे. मालकाची जबाबदारी यातून सुटते, हा आक्षेप चुकीचा म्हणता येत नाही. पण मरणासन्न माणसाला पुरावे गोळा करीत फिरवण्यापेक्षा हे बरे, हेही खरे.

किती धूळ सुरक्षित?

भारतात कारखाना कायद्याखाली हवेतील श्वसनयोग्य धुळीची मर्यादा एका सूत्राने ठरवली गेली. धुळीतील क्वार्ट्झच्या टक्केवारीत दोन मिळवून त्याने दहाला भागायचे. येणारी संख्या म्हणजे दर घनमीटर हवेतील मिलिग्रॅम. धूळ संपूर्ण क्वार्ट्झची असेल तर ही मर्यादा ०.०९८ मिलिग्रॅम येते. अमेरिकेने २०१६ मध्ये सिलिकेची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे सूत्रातून येणारी मर्यादा तिच्या जवळपास दुप्पट आहे. सिलिकेची धूळ फुप्फुसाच्या कर्करोगासही कारणीभूत ठरते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये दिला होता. मर्यादा कमी करण्यामागे तेही एक कारण होते.

उपाय यंत्रशास्त्रातले आहेत आणि साधे आहेत. करवतीवर पाण्याची धार सोडणे, धूळ उगमापाशीच शोषून घेणारे नळ बसवणे, काम बंदिस्त करणे आणि शक्य तेथे सिलिकाच न वापरणे. तोंडाला बांधलेला रुमाल मोठे कण अडवतो, घातक कण नव्हे. तो बांधून कामगाराला सुरक्षित वाटते, एवढाच त्याचा परिणाम.

महाराष्ट्राचा बराचसा भूभाग काळ्या बेसॉल्टचा आहे. या दगडात मुक्त क्वार्ट्झ अत्यल्प असल्याने खडीच्या प्रत्येक क्रशरवर मंदसौरसारखी स्थिती असेल, असे समजण्याचे कारण नाही. म्हणून राज्य सुरक्षित, असेही नाही. कोल्हापूरच्या ओतकाम कारखान्यांत साच्यांसाठी सिलिकेची वाळूच लागते आणि ओतीव भाग घासून साफ करताना तिची धूळ सुटते. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. शहरांत काँक्रीट फोडणाऱ्या, भिंतींत वायरिंगसाठी खाचा पाडणाऱ्या आणि ग्रॅनाइट कापणाऱ्या यंत्रांसमोर रोज हजारो माणसे उभी असतात.

त्यात आता स्वयंपाकघराच्या ओट्याची भर पडली आहे. दगडाची भुकटी राळेत घट्ट करून बनवलेल्या ‘क्वार्ट्झ’ फरशांमध्ये सिलिकेचे प्रमाण नव्वद टक्क्यांहूनही अधिक असू शकते. घरात बसवलेला ओटा वापरणाऱ्याला अपाय करीत नाही. धोका असतो तो फरशी मापाने कापणाऱ्या, सिंकसाठी भोक पाडणाऱ्या आणि कडा घासणाऱ्या कारागिराला. इस्रायल, स्पेन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत अशा कारागिरांमध्ये, तेही ऐन तारुण्यात, सिलिकोसिस आढळू लागला. काहींवर फुप्फुस प्रत्यारोपणाची वेळ आली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या फरशांचे उत्पादन, पुरवठा आणि त्या बसवणे यांवर बंदी घातली. अशी बंदी घालणारा तो पहिला देश. भारत या फरशांच्या प्रमुख निर्यातदारांपैकी एक आहे. देशातील नव्या इमारतींतही त्या बसवल्या जातात, आणि बसवणारा कारागीर अनेकदा फ्लॅटच्या बाल्कनीतच, पाण्याविना, हातातल्या कटरने त्या कापतो.