आगोटीची बेगमी

तांदूळ, कापूस किंवा नारळ विकणाऱ्या व्यापाऱ्याचा माल चार दिवस उशिरां पोंचला तर त्याचें नुकसान होतें. परंतु माल मातीमोल होत नाहीं. वार्ता विकणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याचा माल ताजा असेल तोंवर सोन्याच्या मोलाचा. तीच वार्ता दुसऱ्याच्या तोंडून बाजारांत पसरली कीं कवडीमोल. शिवाय ज्या वाटेनें हा माल येतो ती वाट पेढीच्या मालकीची क्वचितच असते. आज जगभर माहितीचा व्यापार करणाऱ्या बलाढ्य कंपन्या उदयास आल्या आहेत. आणि वाट तुटली, यंत्र बिघडलें किंवा नवेंच यंत्र निघालें तर आपला धंदा कसा तगेल, याची चिंता वाहण्यासाठीं त्या पगारी माणसें नेमतात. ही चिंता अगदीं अलीकडची आहे असा पुष्कळांचा समज दिसतो. वस्तुतः ती पावणेदोनशें वर्षांची जुनी आहे, व तिच्या इतिहासांत मुंबईला आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यालाहि स्थान आहे.

या व्यापाराच्या आद्य पुरुषांपैकीं एक, पॉल ज्युलियस रॉयटर हा जर्मन गृहस्थ, 1850 सालीं आखेन या सरहद्दीवरील गांवीं धंदा करीत होता. बर्लिनची तार आखेनपर्यंत आली होती आणि पॅरिसची तार ब्रुसेल्सपर्यंत. मधल्या सुमारें पाऊणशें मैलांत तार नव्हती. रॉयटरनें चाळीसांवर कबुतरें मिळविलीं आणि शेअरबाजाराच्या भावांच्या चिठ्ठ्या त्यांच्याकरवीं धाडण्यास आरंभ केला. आगगाडीच्या कितीतरी आधीं, दोन तासांच्या सुमारास, कबूतर येऊन पोंचे. त्याचें सारें भांडवल म्हणजे तारेंतील ती खिंड होती. वर्षभराच्या अवधींत तारेचे खांब पुढें सरकले, खिंड बुजली आणि कबुतरांचा धंदा आटोपला. रॉयटरनें त्यांच्यासाठीं शोक केला नाहीं. 1851 सालीं इंग्लंड व फ्रान्स यांमधील समुद्रांत तार पडत असतांच त्यानें आपलें बिऱ्हाड लंडनास हलविलें. पुढें 1863 सालीं त्यानें आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास क्रुकहेवनपर्यंत स्वतःची तार नेली. अमेरिकेहून येणाऱ्या आगबोटी तेथें बातम्यांचे डबे समुद्रांत टाकीत. ते होड्यांनीं उचलून आंतील मजकूर लंडनास सर्वांच्या आधीं कळविला जाई. परंतु 1866 सालीं अटलांटिक महासागराच्या तळाशीं तार कायमची चालू झाली आणि या युक्तीचेंहि महत्त्व संपलें. ज्या उणिवेवर आपला धंदा उभा आहे ती उद्यां भरून निघणार, हें गृहीत धरून जो चालतो तोच या व्यापारांत टिकतो, असा या दोन प्रसंगांचा अर्थ आहे.

त्याच 1866 सालीं रॉयटरचा प्रतिनिधि हेन्री कॉलिन्स मुंबईस उतरला. मुंबई त्या वेळीं नुकतीच होरपळून निघाली होती. अमेरिकेंत 1861 पासून यादवी युद्ध चाललें असल्यामुळें तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या, आणि मुंबईंत पैशाचा पूर आला. नव्या बँका आणि समुद्र हटविणाऱ्या कंपन्या पावसाळी छत्र्यांप्रमाणें उगवल्या. एप्रिल 1865 मध्यें जनरल ली शरण गेला. ती वार्ता येतांच भाव कोसळले, आणि 1 जुलै 1865 हा वायदे चुकविण्याचा दिवस शहराच्या दिवाळखोरीचा दिवस ठरला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे कोट्यधीशहि त्यांत सांपडले, आणि बँक ऑफ बॉम्बे ही जुनी पेढी पुढें गुंडाळावी लागली. हा अनर्थ लोभामुळें झाला हें खरेंच. परंतु लिव्हरपूलचा भाव विश्वसनीय रीतीनें व वेळेवर कळण्याची सोय नसलेल्या बाजारांत लोभाला लगाम घालणार कोण?

तार त्या वेळीं मुळींच नव्हती असें नाहीं. इराणच्या आखातांतून कराचीपर्यंतची तार 1865 सालीं युरोपाशीं जोडली गेली होती. परंतु ती तुर्कांच्या मुलुखांतून जाई. तेथील तारमास्तरांस इंग्रजीचें ज्ञान बेताचेंच, त्यामुळें मजकूर विद्रूप होऊन कित्येक दिवसांनीं हातीं पडे. हा अनुभव आल्यावर 1870 सालीं दोन नव्या वाटा सुरू झाल्या. एक मुंबईहून एडनमार्गे सुएझपर्यंत समुद्राच्या तळानें, आणि दुसरी सीमेन्स बंधूंनीं रशिया व इराण या देशांतून आणलेली, बव्हंशीं जमिनीवरून. एकीवर वादळाचें व नांगरांचें भय, तर दुसरीवर राजकारणाचें व चोरांचें. दोहींवर एकाच दिवशीं संकट येण्याचा संभव थोडा. या दुहेरी व्यवस्थेचें मर्म येथेंच आहे.

हें मर्म कोकणच्या माणसास कोणी शिकवावें लागलें नाहीं. रत्नागिरी जिल्ह्याच्या एका अंगास सह्याद्रि व दुसऱ्या अंगास समुद्र. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशीं बंदरें घेत मुंबईची आगबोट येई. उतारू पडावांतून किनाऱ्यास लागत. पावसाळा लागला कीं बोटी बंद. मग आंबा घाटानें कोल्हापूर किंवा कुंभार्ली घाटानें कऱ्हाड गांठावें लागे. मुंबईच्या गिरणींत राबणाऱ्या मुलाच्या मनिऑर्डरीवर ज्या घराची चूल पेटे, त्या घराला आषाढांत पैसा व पत्र केव्हां पोंचेल याचा नेम नसे. म्हणून प्रत्येक गृहिणी आगोटीच्या आधीं मीठ, मिरची, डाळ, सुकी मासळी व सरपण भरून ठेवी. आगोटीची बेगमी ती हीच. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. एकीऐवजीं दोन आगबोटी ठेविल्या असत्या तरी आषाढांत उपयोग नव्हता; त्या दोन्ही एकाच पावसानें बंद पडल्या असत्या. दुसरी वाट म्हणजे घाट, कारण त्याचें संकट निराळें.

साधन असून तें न ठेवल्याचा परिणामहि याच किनाऱ्यानें पाहिला आहे. 17 जुलै 1947 रोजीं सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. टायटॅनिकच्या उतारूंपैकीं जे वांचले ते बिनतारी संदेशामुळें वांचले, या गोष्टीस तेव्हां पस्तीस वर्षें झालीं होतीं. तरी ‘रामदास’वर बिनतारी यंत्र नव्हतें. मुंबईस ही वार्ता कित्येक तासांनीं, जीव वांचवून किनाऱ्यास लागलेल्या लोकांकडून कळली. जवळची फेरी, खर्च कशाला, असा हिशेब तो यंत्र न ठेवणारा करीत असणार. बेगमीचा खर्च जमाखर्चाच्या वहींत ठळक दिसतो. तिनें टाळलेली हानि कोणत्याच वहींत दिसत नाहीं.

वाटेइतकीच सांठ्याचीहि काळजी घ्यावी लागते, हें चिपळूणनें शिकविलें. 22 जुलै 2021 रोजीं वाशिष्ठी व शिवनदी यांचें पाणी शहरांत शिरलें. वीज गेली, मोबाईल मुके झाले, महामार्गावरील पुलाचा भाग खचला आणि कोकण रेल्वेच्या गाड्या वाटेंत थांबल्या. दुकानांतील चोपड्या आणि संगणक एकाच चिखलांत लोळले. 1864 सालीं स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांनीं 26 जुलै 2005 चा पूर एकदां सोसला होता. त्यांस हा दुसरा सोसावा लागला. एस.टी. आगाराच्या एका अधिकाऱ्यानें सुमारें नऊ लाखांची रोकड घेऊन गाडीच्या टपावर तासन्‌तास काढले आणि ती वांचविली. त्या गृहस्थाच्या निष्ठेस आमचा नमस्कार असो. परंतु जी व्यवस्था एका माणसाच्या टपावर बसण्यावर अवलंबून राहते तिला व्यवस्था म्हणतां येणार नाहीं. आणि त्याच इमारतींत ठेविलेली नक्कल ही पुराच्या दृष्टीनें नक्कलच नव्हे.

आतां आजच्या कंपन्यांकडे वळूं. त्यांची माहिती अद्यापि मुख्यतः समुद्राच्या तळाशीं घातलेल्या तारांतूनच वाहते. 30 जानेवारी 2008 रोजीं अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या आणि भारताचा पश्चिमेकडील व्यवहार लंगडा पडला. फेब्रुवारी 2024 मध्यें तांबड्या समुद्रांत पुन्हां तसेंच झालें. तारा अनेक, मालक अनेक. पण सर्व एकाच चिंचोळ्या समुद्रांतून जाणाऱ्या. त्या आषाढांतल्या दोन आगबोटी होत. 19 जुलै 2024 रोजीं तर तार तुटलीहि नाहीं. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें संगणकांच्या रक्षणासाठीं धाडलेली एक सदोष सुधारणा जगभर गेली आणि सुमारें 85 लाख संगणक निपचित पडले. पहारेकऱ्यानेंच दार अडविलें, असा हा प्रकार. त्या दिवशीं भारतांतील कांहीं विमानतळांवर उतारूंचीं प्रवेशपत्रें हातानें लिहून द्यावीं लागलीं. लिहिणारा हात शिल्लक होता म्हणून विमानें उडालीं.

नवें यंत्र नको असें आमचें म्हणणें नाहीं. रॉयटरनें कबुतरें सोडलीं तें योग्यच केलें. आपली सरकारी तारहि जुलै 2013 मध्यें बंद झाली, तिच्यासाठीं कोणी अडून राहिलें नाहीं. 2018 पासून रत्नागिरीच्या शेतकऱ्यासहि सातबाऱ्याचा उतारा संगणकी स्वाक्षरीनें मिळूं लागला, हें त्याच्या सोयीचेंच झालें. परंतु ज्याच्या जमिनीचा हक्क, बँकेंतील ठेव आणि दवाखान्याची नोंद हीं सर्व एकाच तारेवर लोंबत आहेत, त्यानें ती तार राखणाऱ्यांस तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत: दुसरी वाट आहे काय? तिच्यावरील संकट पहिलीहून निराळें आहे काय? आणि यंत्र मुकें झालें तर तें काम हातानें करूं जाणणारा माणूस तुम्ही ठेविला आहे काय? मृगाच्या आधीं मीठमिरची मोजणाऱ्या गृहिणीला हे प्रश्न सुचत होते; जगाची माहिती सांभाळणाऱ्या कंपन्यांस ते सुचावेत, ही अपेक्षा फार मोठी नाहीं.