फिगर स्केटिंग : बूट आणि पाते

फिगर स्केटिंगच्या साधनाचे बूट आणि पोलादी पाते असे दोन भाग असतात. महाराष्ट्रात नैसर्गिक बर्फ नाही. त्यामुळे येथे हीच कला अधिक करून चार चाकांच्या रोलर स्केटवर दिसते. भारतात शिमल्याची नैसर्गिक बर्फाची रिंक १९२० सालची. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक उभी राहिली.

बूट निवडताना चपलेचा नंबर विसरावा आणि दोन्ही पावले मिलिमीटरमध्ये मोजावीत. पातळ मोजे घालून बूट चढवावा, टाच मागे ठोकून नाडी आवळावी. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी टेकतात, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरतात. टाच मात्र जागची हलता कामा नये. मुलांना ‘वाढत्या पायाचा’ म्हणून एक नंबर मोठा घेऊन देण्याची सवय येथे घातक ठरते, कारण सैल बुटात घोटा मुरगळतो. नवशिक्याला फार कडक बूटही नको. त्यात घोटा वाकत नाही.

पात्याच्या तळाला लांबीभर पन्हळ असते, तिच्या दोन कडांवर स्केटर तोलला जातो. पुढचे दाते उडीसाठी असतात. नवशिक्याला ते लहान असलेले बरे. आइस डान्सच्या पात्याची मागची शेपटी आखूड असते.

मुळशीसारख्या धो-धो पावसाच्या मुलखात पाते पुसून, कोरड्या कापडी खोळीतच ठेवावे. प्लास्टिकच्या खोळीत ओल कोंडते आणि कडा गंजतात.