चिखलाची शर्यत

खेळण्यांचा इतिहास लिहिण्याची चाल आपल्याकडे फारशी नाही. स्वाऱ्या, लढाया व तह यांच्या नोंदी आपण जपून ठेवतो. पण मुलांच्या हातून पडून जी वस्तू फुटते तिची बखर कोण लिहिणार? तथापि एखाद्या काळातील माणसांस गंमत कशात वाटली हे पाहावयाचे असेल, तर या फुटक्या वस्तूंइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही, असे आम्हांस वाटते.

हा विचार मनात आला तो निलंग्यास, ऐन श्रावणात. बाहेर झड लागली होती. आमचा भाचा ओसरीवर बसून, कोणाकडून तरी उतरून आलेल्या एका जुन्या ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’वर 2009 साली निघालेला ‘मोटरस्टॉर्म : आर्क्टिक एज’ हा खेळ खेळत होता. अलास्काच्या बर्फातून, रस्ता सोडून, गाड्या उधळत होत्या; आणि त्याचे आजोबा, ज्यांस सारे गाव तात्या म्हणते, चष्मा पुसून त्या इवल्याशा पडद्याकडे पाहत होते.

या यंत्राचे कूळ फार जुने नाही. सर्वस्वी इलेक्ट्रॉनिक अशा हातातील खेळांपैकी पहिला म्हणून ज्याची गणना होते, तो अमेरिकेतील मॅटेल कंपनीचा ‘ऑटो रेस’ 1976 साली निघाला. म्हणजे या घराण्याचा मूळ पुरुषच शर्यतीचा! खिशातील गणकयंत्राच्या सामग्रीतून खेळ साधता येईल, ही त्यामागील कल्पना. त्यात गाडी म्हणून दिसे ती तांबड्या उजेडाची एक रेघ. समोरून येणाऱ्या तशाच रेघा चुकवीत तिला तीन पट्ट्यांतून न्यावयाचे, एवढाच खेळ. पुढे जपानच्या निन्टेंडो कंपनीत गुनपेई योकोई यांनी तेच काटकसरीचे तत्त्व उचलले. नवे व महाग ते टाळून, जुने, स्वस्त व पारखलेले तंत्र नव्या कामी लावावे, हा त्यांचा बाणा होता. 1980 चे ‘गेम अँड वॉच’ व 1989 चा ‘गेम बॉय’ ही त्याची फळे. आपल्याकडील जत्रांतून नव्वदीच्या दशकात जे ‘ब्रिक गेम’ विकले जात, त्यांतही चौकोनी ठिपक्यांची एक मोटार असेच अडथळे चुकवीत धावे.

परंतु या साऱ्या शर्यतींत रस्ता स्वच्छ होता. त्यात चिखल आला तो जाणूनबुजून. 1984 साली शिगेरु मियामोतो यांनी रचलेल्या ‘एक्साइटबाइक’ या खेळात उंचवटे आले, गती मारणारा चिखल आला, आणि फार जोर केल्यास तापून बंद पडणारे इंजिन आले. प्रथम हा खेळ घरच्या दूरदर्शनसंचावर खेळावयाचा होता. 2004 साली तो हातातील यंत्रावरही उतरला. भाच्याच्या खेळातही अति जोराने गाडी तापते व बर्फातून नेल्यास निवते. पंचवीस वर्षांचे हे वळण खेळ पुढे घेऊन जाते. वेग सर्वांस सुचतो, अडचण सुचण्यास मात्र कारागीर लागतो.

तात्यांचा आक्षेप मात्र वेगळाच होता. या जातीच्या खेळांत अवजड ट्रक चिखल तुडवीत जातो आणि हलकी फटफटी रुतते, असे भाच्याने सांगताच ते म्हणाले, “आमच्या रानात उलटं हाय. भरली गाडी आसापर्यंत बसती, रिकामी निघून जाती.” भाचा म्हणाला, “आजोबा, ट्रकला मोठं इंजिन असतं ना!” दोघांचेही खरे होते. एकाचे माप इंजिन, दुसऱ्याचे माप बैलाचा दम.

निलंगा तालुका 1956 साली बिदर जिल्ह्यातून उस्मानाबादेत आला, 1982 साली लातुरात गेला. पण येथील काळ्या रेगडीने आपला स्वभाव बदलला नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते व चाकास धरून बसते. डांबरी सडका झाल्या, तरी शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर पेरणीचा दिवस, शाळेचा दिवस, कधी दवाखान्याची वेळ आजही अडकते. ज्यास यंत्राची कळ दाबून चिखल बंद करता येतो, त्यासच चिखल खेळ वाटतो.

मग खेळ खोटा म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बंदी घातली. 2017 साली राज्याने कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. एवढा खल झाला तो एकाच प्रश्नावर, की आमच्या हौसेपायी मुक्या जनावराने किती सोसावे? हातातील शर्यतीत तापते ते फक्त चित्रातील इंजिन. हे पुण्य लहान नव्हे. फक्त त्या पुण्याच्या भरात खऱ्या वाटेचा विसर पडू नये.

पाऊस उघडला तसे तात्या शेत पाहावयास निघाले. भाचाही यंत्र ठेवून मागोमाग गेला. वीस पावलांत त्याची एक चप्पल रेगडीने गिळली. तात्यांनी आपले पायताण आधीच हातात घेतले होते. मागे वळून ते हसले, “आता इंजिन कुठं हाय, बाळा?”