ऊद : पडदे नसलेले वाद्य

नागपूरच्या ताजबागेसारख्या दर्ग्यात जळतो तो ऊद वेगळा. पण मूळ अरबी शब्दाचा अर्थ लाकूड, आणि वाद्याचे नावही तेच. सरोदप्रमाणे ऊदालाही पडदे नाहीत, तेव्हा सरोदवादकाला तो सहज साधेल, हे मत अर्धेच पटते. स्वरस्थान कानाने शोधण्याची सवय निश्चित कामी येते. मात्र सरोदची पोलादी तार धातूच्या पट्टीवर बहुधा नखाने दाबतात, म्हणून मींड लांबवर टिकते. ऊदाची नायलॉनची तार लाकडावर बोटाच्या टोकाने दाबतात आणि नाद लवकर विझतो. डावा हात जे करू शकत नाही, ते मग उजव्याला करावे लागते : लांब, लवचीक ‘रीशा’ (तार छेडण्याची पट्टी) मनगटातून झरझर फिरवून स्वर जागता ठेवायचा. सरोद छेडण्याच्या करवंटीच्या जव्याला सरावलेल्या हाताला हे मनगट नव्यानेच घडवावे लागेल.