जन्मदिवसाचं नंबर वन गाणं कोण ठरवतं?

जन्मतारीख टाकली की त्या दिवशीचं नंबर वन गाणं सांगणाऱ्या साइट्स तुम्ही पाहिल्या असतील. मी कोड लिहितो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न: डेटा कुठला? बऱ्याचदा तो अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० चा असतो, म्हणजे ऑगस्ट १९५८ पासूनचा.

आपल्याकडे १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले पुण्यात जन्मलेले बा. वि. केसकर. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळपास गायबच झाली. मग आपली यादी आली थेट रेडिओ सिलोनवरून! अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला', दर बुधवारी रात्री आठला. रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांची पसंती यांवरून गाण्यांचा क्रम लागायचा. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, तीही या ओढीमुळेच.

म्हणून आईबाबांचं गाणं शोधताना त्यांच्या जन्माच्या आठवड्यातला बुधवार बघा. आणि आजीला आजच विचारा. तो बुधवार तिने ऐकलाही असेल!